कोंबड्याचं पीस, पोळ्याची बेगड

राजूरला गरी नवी नाही. वणी तालुक्यातल्या या गावाची ओळख कोळसा आणि चुन्याची. पण जवळून वर्धा वाहते, वणीकडून निर्गुडा येते आणि खाली जुगादच्या बाजूला पैनगंगा वर्धेला मिळते. एवढं पाणी ज्या मुलखात आहे, तिथे मासे धरण्याची विद्या कुणाला बाहेरून आणावी लागत नाही. भोई आणि ढिवर समाजाची जाळी इथे पिढ्यान्‌पिढ्या पडत आली. गरी मात्र पोरांची आणि ड्युटी सुटलेल्या माणसांची. बांबूची काठी, नायलॉनची दोरी, मोरपिसाच्या देठाचा तरंगा आणि गांडूळ. 1973 साली कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, पुढे वेकोलि ही सरकारी कोळसा कंपनी आली, आणि कॉलरीत नाना प्रांतांतली माणसं स्थिरावली. कुणी कणकेत हिंग मळायचा, कुणी लाल मुंग्यांची अंडी वापरायचा. आमिष बदललं तरी रीत एकच राहिली, खायची वस्तू गरीला लावायची आणि बसून राहायचं.

जिग ही रीतच वेगळी. तिच्यावर खाण्यासारखं काहीच नसतं. गरीच्या डोक्याशी वजन आणि मागे केसांची किंवा पिसांची झालर, एवढाच सगळा ऐवज. दोरी ओढली की ती वर उसळते, सैल सोडली की नाक खाली करून बुडते. हे उसळणं-बुडणं घाबरलेल्या चिंगळीसारखं किंवा बारक्या मासोळीसारखं दिसतं आणि शिकारी मासा त्यावर झडप घालतो. जगात ही युक्ती जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाच्या जीवरक्षक तराफ्यांवर मासेमारीचा जो संच असे, त्यातही पिसांची जिग असायची. समुद्रात अडकलेल्या माणसाकडे आमिष कुठून येणार? कोरड्या पिसांवर मासा लागतो, यावर तेव्हा माणसांचे जीव टांगलेले होते.

आमच्याकडे ती आली ती गेल्या वीस-पंचवीस वर्षांत, आणि आधी विकत आली. 2001 नंतर परदेशी माल मोकळेपणाने येऊ लागला. नागपूरला किंवा मुंबईला गेलेला कुणीतरी रंगीत खोटे मासे घेऊन यायचा. ते दिसायला सुंदर, पण एकाची किंमत मजुराच्या रोजापेक्षा जास्त. आणि वर्धेच्या तळाशी बाभळीच्या फांद्या, दगड आणि पुराने आणून टाकलेला किती कचरा असतो, ते इथल्याच माणसाला ठाऊक. दुसऱ्या-तिसऱ्या फेकीला दोरी तुटायची आणि दिवसाचा रोज पाण्यात राहायचा. राजूरमध्ये जिग बांधणं सुरू झालं ते या तुटलेल्या दोऱ्यांमुळे. छंद म्हणून नंतर, आधी परवडत नव्हतं म्हणून.

पण बांधायची कशी? खऱ्या जिगची गरी साधी नसते. तिची दांडी भोकाजवळ वर वळवलेली असते, त्यामुळे टोक आकाशाकडे राहतं आणि तळाच्या काड्यांत कमी अडकतं. अशी वळवलेली गरी वणीत मिळत नव्हती, चंद्रपुरातही नाही. साधी गरी थंडच वाकवायला जावं तर कडक पोलाद काडकन मोडतं, तापवून वाकवावं तर पाणी उतरतं आणि मोठा मासा तिला सरळ करून निघून जातो. उत्तर सापडलं ते दुसऱ्याच एका नदीवरून. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात सस्क्वेहाना नदीवर बॉब क्लाउझर नावाच्या माणसाने 1980च्या दशकात सरळ गरीच्या दांडीवर, टोकाच्या विरुद्ध अंगाला, डंबेलसारखे दोन जड डोळे बांधले. जड बाजू खाली जाते, गरी उलटी होते, टोक आपोआप वर येतं. वाकवायचं काही नाही, ओतायचं काही नाही. 2016 नंतर मोबाइलचा डेटा स्वस्त झाला आणि हे बांधकाम कॉलरीच्या क्वार्टरमध्ये बसून बघता येऊ लागलं.

बघितलं त्यातलं सामान मात्र इथे नव्हतं, आणि याच ठिकाणी राजूरच्या पोरांनी जे केलं त्याचं मला फार कौतुक वाटतं. डंबेल डोळ्यांऐवजी त्यांनी वॉश बेसिनच्या बुचाला असते ती मण्यांची साखळी आणली. तिचे दोन मणी पकडीने तोडले की डोळे तयार. वजन कमी पडलं तर मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातली तांब्याची तार दांडीवर गुंडाळायची. शेतीपंप जळणं हा आमच्याकडचा बारमाही प्रकार आहे, त्यामुळे तारेचे तुकडे चहाच्या पैशात मिळतात. चमचमणारी पट्टी लागते ती पोळ्याच्या बाजारात. बैलांच्या शिंगांना लावायची बेगड बारीक कापली की मासोळीच्या खवल्यासारखी चमकते. गोंड्यांचा रंगीत धागा तिथलाच. पीस गावठी कोंबड्याच्या मानेचं, केस बकऱ्याच्या शेपटीचे, दोरा शिंप्याकडचा पॉलिएस्टरचा, आणि शेवटची गाठ पक्की करायला घरातलं नेलपॉलिश. गरी धरायला सायकल दुकानातला लहान शेगडा.

बांधताना सगळी गोम पहिल्या काही वेढ्यांत आहे. दोरा दांडीवर एकावर एक चढवत मागे न्यायचा, म्हणजे पुढचं काहीही घसरत नाही. मग मणी ठेवून दोऱ्याचे आडवे-तिडवे, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढे द्यायचे आणि शेवटी मण्यांच्या खालून गोल वेढे घेऊन ते आवळायचे. मणी बोटाने ढकलून बघावा, तो हलला तर पुढे जाण्यात अर्थ नाही. गरी उलटी करून केस बांधायचे. पहिले दोन वेढे सैल, तिसरा घट्ट. पहिलाच घट्ट दिला तर केस दांडीभोवती फिरून एका अंगाला गोळा होतात. नवखा माणूस केस हमखास जास्त घेतो. हातात भरगच्च दिसणारी झालर पाण्यात मुठीसारखी आवळली जाते आणि नुसती ओढली जाते. आरपार उजेड दिसेल एवढेच केस असावेत. आणि पुढच्या भोकाशी थोडी दांडी मोकळी राहिली पाहिजे, नाहीतर गाठ मारायला जागा उरत नाही.

2020च्या टाळेबंदीत हे काम घराघरांत गेलं. नदीवर जाता येत नव्हतं, दुकानं बंद होती, डबे भरून जिगा मात्र तयार होत होत्या. त्याच काळात शिसं आलं, आणि त्याबद्दल मला स्पष्ट लिहायचं आहे. शिसं 327 अंशांना वितळतं, घरच्या गॅसवरही, म्हणून ते सोपं वाटतं. पोरं भंगारातून जुन्या बॅटरीच्या पट्ट्या आणू लागली, प्लास्टर ऑफ पॅरिसचे साचे करू लागली. साच्यात ओल राहिली तर तिची क्षणात वाफ होते आणि वितळलेलं शिसं तोंडावर उडतं. बॅटरीच्या पट्ट्यांत आम्ल आणि इतर विषारी धातू असतात. धूर नि धूळ घरातल्या लहानग्यांच्या रक्तात जाते आणि त्यांच्या मेंदूच्या वाढीवर घाला घालते. तुटलेली जिग तर नदीतच राहते. इंग्लंडमध्ये बारीक शिसं गिळून राजहंस मरत होते, म्हणून 1987 साली तिथे मासेमारीच्या लहान शिशाच्या वजनांवर बंदी आली. आपल्या वर्धेवर हिवाळ्यात बदकं उतरतात, तीही तळ चिवडूनच खातात. बुचाची साखळी आणि तांब्याची तार यांनी काम होत असताना स्वयंपाकघरात शिसं ओतायची काहीच गरज नाही. गरजेपोटी निघालेली आमची पहिली रीतच चांगली होती.

ती चांगली होती याला नदीनेही दुजोरा दिला. आम्ही शिशाच्या जड जिगा थेट तळाला नेत होतो. काठावर जाळं सुकवत बसलेले एक वयस्क भोई काका बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "पोट्टेहो, मासा इथं कमरेएवढ्या पाण्यात हाय, अन् तुम्ही त्याले दगडात शोधून राह्यले." मरळ खरोखरच उथळात, गवताच्या कडेला असते. तिला हवा घ्यायला वर यावं लागतं. हलकी, हळू बुडणारी मण्यांची जिग तिच्या पुढ्यात जास्त वेळ राहते. तळाला हिंडतो तो मिशाळ शिंगाडा, त्याच्यासाठी तांब्याचे चार वेढे जास्त पुरतात. रोहू, मृगळ यांना जिगमध्ये रस नाही. पुढे काकांकडूनच हेही कळलं, की पावसाळ्यात लालसर पिल्लांच्या थव्याखाली मरळीची जोडी राखण करत असते, तिच्यावर गरी टाकायची नाही. पैनगंगेपलीकडच्या तेलंगणाने मरळीला राज्य मासा केलं आहे, आपण तिची विणीची वेळ तरी पाळावी. आणि तलाव मच्छीमार संस्थेच्या ठेक्यात असेल तर तिथे विचारूनच काठी टाकावी, तो कुणाच्या तरी पोटाचा प्रश्न असतो.

पिसांचंही असंच पथ्य आहे. रानकोंबड्याच्या मानेवरच्या ठिपकेदार पिसांसाठी विलायतेतले गळ बांधणारे एकेकाळी वेडे होते. ती पिसं हिंदुस्थानातूनच जात, पुढे निर्यात बंद झाली. हरणाचे केस पोकळ असतात, पाण्यावर तरंगतात, म्हणून अमेरिकेत त्यांना मान आहे. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानकोंबडाही वर्ज्य आणि चितळ-सांबरही. कुणी कितीही आणून दिलं तरी हात लावू नये. गावठी कोंबडा आणि बकरा पुरेसे आहेत.

2022च्या पावसाळ्यात वर्धेला मोठा पूर आला. पाणी उतरल्यावर नदीचे ओळखीचे डोह बुजले होते, नवे पडले होते. कुठली जिग कुठे चालते याचा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागला. गढूळ पाण्यात बेगडीपेक्षा काळे केस बरे, हे तेव्हा पक्कं झालं. काळ्या आकृतीची कड मासा गढूळातही ओळखतो.

आता नव्याने सुरुवात करणारी पोरं आठवी-नववीतली आहेत. त्यांना हातात देतो ते एवढंच: मध्यम मापाच्या सरळ गऱ्या, वीतभर साखळी, दोऱ्याचं रीळ आणि बकऱ्याच्या शेपटीचा एक झुपका. सध्या त्यांचं मन तरंगणाऱ्या बेडकावर बसलंय, कारण मरळ बेडकाला सोडत नाही. हरणाचे केस नाहीत, बकऱ्याचे बुडतात. म्हणून झिजलेल्या स्लिपरचा तळ कापून, त्यात गरी ओवून, मागे पिसांचे दोन पाय बांधून बघणं चाललं आहे. पहिले बेडूक पाण्यात कलंडले. आता पोटाखाली तांब्याचा एक वेढा दिल्यावर ते सरळ बसतात. गवतात अडकू नये म्हणून टोक स्लिपरच्या पाठीला चिकटून ठेवायचं, पण मासा चावताच ते सुटलं पाहिजे. ते अजून जमलेलं नाही. त्यावर काम चालू आहे.