कानशीची परीक्षा

मॅट्रिक झालेल्या रत्नागिरीच्या मुलाने मुंबईस जाऊन एखाद्या कचेरीत चिकटावे, ही त्या काळची रीत. मी मात्र फिटरचे काम शिकून १९६५ साली अर्ज केला, तो कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सकडे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या या कंपनीत तेव्हा फियाट मोटारी तयार होत. अण्णा म्हणाले, "शाळामास्तरचा मुलगा हात काळे करणार?"

कोकण रेल्वे पुरी व्हायला अजून तेहतीस वर्षे होती. बोटीने मुंबईस आलो. परीक्षेला ना निबंध, ना गणित! लोखंडाचा तुकडा कानशीने असा घासायचा, की गुण्या लावल्यावर मधून उजेडाची रेघदेखील दिसू नये. कागदावरची चूक खोडता येते. जास्त घासलेले लोखंड पुन्हा भरून येत नाही. श्वास रोखून घासले आणि पास झालो.

पहिल्याच दिवशी निळे कपडे आणि नंबराचा बिल्ला मिळाला. पहिल्या पगाराची मनीऑर्डर घरी पोचली, तेव्हा अण्णांचे कार्ड आले : 'बोटे सांभाळ.'

त्याच फियाटची पुढे पद्मिनी झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. तिचा फोटो मी नातवंडांना दाखवला. अण्णा असते, तर त्यांनाही दाखवला असता.