शंभराला एकशे साठ
(रेडिओवरील भाषण)



गेल्या आठवड्यात स्टेशनवर एका ताईंचा फोन आला. त्यांच्या बचत गटातल्या आणि भजनी मंडळातल्या मिळून चोवीस जणी दिवाळीनंतर पशुपतिनाथ आणि मुक्तिनाथाच्या दर्शनाला निघाल्यात. गाडी ठरवणारे भाऊ त्यांना म्हणाले, "प्रत्येकीने पाच-पाच हजार माझ्याकडे जमा करा. बॉर्डरवर मी बदलून आणतो. तुम्हाला त्यातलं काय कळणार?" ताईंचा प्रश्न एवढाच होता, "द्यावेत का हो?"

मी म्हटलं, देण्याआधी एक आकडा पाठ करा. १६०. आपले शंभर रुपये म्हणजे नेपाळचे एकशे साठ.

हा आकडा मला फुकट मिळालेला नाही. तीन वर्षांपूर्वी आम्ही वीस जणी गेलो होतो. गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून बसने सोनौली. रात्रभराचा प्रवास, पाय सुजलेले, कुणाला चहा हवा, कुणाला आडोसा. तेवढ्यात एक माणूस आला आणि म्हणाला, "पैसे इथेच बदला, पुढे मिळणार नाहीत. आज मार्केट डाऊन आहे, एकशे पंचावन्न देतो." आम्हाला वाटलं, कांद्याचा भाव लासलगावात सकाळ-संध्याकाळ बदलतो, तसंच हेही असेल. प्रत्येकीचे सहा हजार, वीस जणींचे मिळून एक लाख वीस हजार आम्ही त्याच्या हातात दिले. मिळाले १ लाख ८६ हजार नेपाळी. मिळायला हवे होते १ लाख ९२ हजार. सहा हजार नेपाळी गेले, म्हणजे आपले ३,७५० रुपये. आमच्याकडे खुरपणीची मजुरी तेव्हा अडीचशे होती. पंधरा दिवसांची खुरपणी एका चहाच्या वेळात गेली.

आणि 'मार्केट डाऊन' ही शुद्ध थाप होती. डॉलरचा भाव रोज बदलतो, हे खरं. पण नेपाळचा रुपया आपल्या रुपयाशी बांधलेला आहे. १९९३ सालापासून शंभराला एकशे साठ हाच दर आहे. नेपाळची रिझर्व्ह बँक, म्हणजे नेपाळ राष्ट्र बँक, रोज दर जाहीर करते. त्यात आपले शंभर रुपये विकत घ्यायचा दर असतो १६० आणि आपल्याला परत द्यायचा १६० रुपये १५ पैसे. बस, एवढाच फरक. म्हणून "आज भाव पडलाय" असं कुणी म्हणालं, की तिथून दोन पावलं पुढे चालायचं. सीमेच्या दोन्ही बाजूंना पैसे बदलून देणारी दुकानं रांगेनं आहेत आणि नेपाळच्या हद्दीत भैरहवा गावात बँकाही आहेत. कुणी १६० ऐवजी १५९ दिले तर तेवढ्यासाठी उन्हात फिरू नका, दुकानवाल्यालाही त्याचं पोट आहे. पण पाच रुपये कापले तर ते पोटासाठी नव्हेत.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते इथंच बायका जास्त फसतात. नेपाळचा पैसाही 'रुपया'च. नोटेवरचे आकडेसुद्धा आपल्यासारखेच देवनागरी, १००, ५००, १०००. आपल्याला वाचता येतात म्हणून आपण खूश होतो आणि तिथंच गाफील राहतो. देवळाबाहेर रुद्राक्षाची माळ विचारली. तो म्हणाला, "पाचशे." कुठले पाचशे? नेपाळी पाचशे असतील तर आपले ३१२ रुपये ५० पैसे होतात. तुम्ही आपले पाचशे काढून दिलेत तर १८७ रुपये ५० पैसे जास्त गेले, आणि तो काही तुम्हाला हाक मारून परत देणार नाही.

तिकडचे लोक यासाठी दोन सोपे शब्द वापरतात. भारतीय रुपयाला 'भारू', नेपाळी रुपयाला 'नेरू'. काही जण 'आयसी' आणि 'एनसी' म्हणतात. आयसी आपला, एनसी त्यांचा. किंमत कानावर पडली की आधी विचारायचं, "भारू की नेरू?" एवढं विचारलंत की दुकानदार ओळखतो, बाई हिशोबाची आहे.

हिशोबाची युक्ती आमच्या आत्याबाईंनी काढली. त्या शाळेत गेलेल्या नाहीत, पण पावकी-निमकी त्यांना तोंडपाठ. त्या म्हणाल्या, नेपाळी आकड्याचं निम्मं करा आणि त्या निम्म्याचा पाव त्यात मिळवा. हजार नेपाळी? निम्मे पाचशे, पाचशेचा पाव सव्वाशे, झाले सहाशे पंचवीस भारतीय. उलट करायचं असेल तर आपल्या पैशाची दीडपट करा आणि वर दहावा भाग टाका. शंभराचे दीडशे, वर दहा, एकशे साठ. मोबाईलमधलं यंत्र काढेपर्यंत आत्याबाईंचं उत्तर तयार असायचं. तुमच्या गटात अशी एक आत्या असतेच, तिला बाजारात पुढे ठेवा.

नोटा ओळखायला चित्रंही आहेत. शंभराच्या नोटेवर गेंडा, पाचशेवर वाघ, हजारावर हत्ती. ज्यांना आकडे लागत नाहीत त्यांनी जनावर बघून नोट द्यावी. आम्ही तर "एक हत्ती मोडून आण" असंच म्हणायचो.

मग पैसे बदलायचे तरी किती? सगळे बदलायची गरज नाही. आपल्या शंभराच्या नोटा सोनौलीपासून काठमांडूपर्यंत बहुतेक दुकानदार आणि लॉजवाले घेतात. जितकं कमी बदलाल तितकी कापाकापी कमी. मात्र शंभर देऊन सुट्टे घेताना बघा, तो एकशे साठनं धरतो की दीडशेनं. आणि मुक्तिनाथाच्या बाजूला वर जाताना जीपभाडं, चहा, गरम पाणी यासाठी छोट्या नेपाळी नोटा जवळ असलेल्या बऱ्या. एकशे आठ धारांखाली अंघोळ करून कुडकुडत बाहेर आल्यावर कुणी सुट्ट्यासाठी वाद घालत बसत नाही.

शंभराच्याच नोटा असं मी मुद्दाम म्हणते. २०१८ च्या डिसेंबरात नेपाळ सरकारनं आपल्या शंभराहून मोठ्या नोटांवर बंदी घातली होती. आपल्याकडे २०१६ ला नोटाबंदी झाली तेव्हा तिकडच्या लोकांकडे आपल्या मोठ्या नोटा अडकून पडल्या होत्या, त्यामुळे त्यांचा विश्वास उडाला. मोठ्या नोटांचे हे नियम कधी घट्ट होतात, कधी सैल, तेव्हा निघायच्या आठवड्यात बँकेत विचारून घ्या. शंभराची नोट मात्र बंदीच्या काळातही चालत होती. ती घेऊन गेलात तर काळजी नाही. फक्त फाटकी किंवा चिकटवलेली नको. आणि हो, एवढ्या शंभराच्या नोटा आयत्या वेळी मिळत नाहीत. प्रत्येकीचे पाच हजार म्हणजे पन्नास नोटा, चोवीस जणींच्या बाराशे. बाराशे नोटा म्हणजे बारा बंडलं. शाखेत आधी सांगून ठेवावं लागतं.

फोनवरून पैसे देणाऱ्या मैत्रिणींसाठी थोडं. २०२४ च्या मार्चपासून नेपाळच्या दुकानातला फोनपे कंपनीचा क्यूआर आपल्या यूपीआयने स्कॅन करता येतो. हे 'फोनपे' नेपाळचं, आपल्या ॲपचं नाव तसंच ऐकू येतं म्हणून गोंधळू नका. आपल्या ॲपमध्ये परदेशातल्या वापराची सोय घरूनच चालू करून घ्या. पिन टाकण्याआधी आपल्या रुपयातला आकडा बघा आणि आत्याबाईंच्या युक्तीनं ताडून घ्या. डोंगरात रेंज गेली की हे सगळं बंद, म्हणून नुसत्या फोनवर विसंबू नका. एटीएम कार्ड तिकडे चालतं का आणि किती पैसे कापले जातात तेही शाखेतच विचारा. प्रत्येक वेळी काढताना कापतात, म्हणून काढायचेच तर एकदाच.

परतीच्या वेळी आमची दुसऱ्यांदा खोड मोडली. सगळ्यांचे मिळून ३३ हजार नेपाळी उरले होते. बायकांना काटकसरीची सवय, जपून जपून वापरले. सीमेवर काउंटरवाला म्हणाला, "भारतीय नोटांची टंचाई आहे, शंभराला एकशे पासष्ट लागतील." घाईत नीट ऐकलं नाही. जास्त आकडा ऐकून आमच्यातल्या एका वहिनींना तर फायदाच वाटला! पण इथं उलटं असतं. जाताना आपण शंभर देतो तेव्हा आकडा मोठा हवा, येताना शंभर परत घेतो तेव्हा लहान. आम्हाला मिळाले वीस हजार, मिळायला हवे होते २० हजार ६२५. दर ठरलेला असला तरी भारतीय नोटा तिकडे हव्या तेवढ्या नसतात, म्हणून परतीला कापतात. त्यावर उपाय म्हणजे उरवूच नका. शेवटच्या मुक्कामाचं लॉजभाडं आणि जेवण नेपाळी पैशात द्या, भारतीय नोटा राखून ठेवा. आणि जे उरेल ते कमान ओलांडण्याआधी बदला. गावाकडे आल्यावर त्या हत्तीला कुणी विचारत नाही.

ज्यांची मुलं दुबईला आहेत किंवा ज्या उमराहला जाणार आहेत, त्यांच्यासाठी गोष्ट वेगळी. तिथला भाव आपल्या रुपयाशी बांधलेला नाही, रोज हलतो. दुकानात दोन दर विचारायचे, "विकता कितीला, परत घेता कितीला?" दोन्हीतलं अंतर ही त्याची कमाई. 'कमिशन नाही' अशी पाटी असली तरी कमाई त्या अंतरात बसलेली असते. अंतर जिथं कमी, तिथं बदला. विमानतळावर ते सहसा जास्त असतं.

आता त्या गाडीवाल्या भाऊंचं. माणूस वाईट असेल असं मी म्हणत नाही, चोवीस जणींचं सामान आणि तिकिटं सांभाळणं सोपं नाही. पण एक लाख वीस हजार रुपये एका हातात देऊन आपण गाडीत बसून राहायचं, हे मला पटत नाही. बदलायचेच तर दोघी-तिघींनी सोबत काउंटरवर जावं, आकडा कागदावर लिहून घ्यावा, पावती मागावी आणि तिथून हलण्याआधी मोजावं. मागे रांग ओरडली तरी मोजावं.

काल ताईंचा पुन्हा फोन आला. भाऊंना त्यांनी सांगितलं, "पैसे आम्हीच बदलू, तुम्ही फक्त दुकान दाखवा." भाऊ जरा गप्प झाले म्हणे. बँकेत दोघी जाऊन आल्यात, शंभराच्या बंडलांसाठी साहेबांनी आठ दिवस मागितलेत.