पिळाच्या दोऱ्याचा स्नायु व त्याची जाणीव

अंबाडीचा दोर वळतांना पीळ प्रमाणाबाहेर गेला, तर दोर सरळ न राहतां वेटोळीं घेतो, हें आमच्या हिवरा आश्रमच्या शिवारांतील लहान पोरासही ठाऊक आहे. हाच गुण हेरून परदेशांतील संशोधकांनीं यंत्रांकरितां कृत्रिम स्नायु सिद्ध केले आहेत. शेतीच्या कामीं त्यांचा उपयोग होण्यासारखा असल्यामुळें त्यांची माहिती वाचकांपुढें ठेवीत आहें.

अमेरिकेंतील टेक्सास विश्वविद्यालयाच्या डॅलस येथील शाखेंत रे बॉमन यांच्या मंडळीनें हा शोध सन २०१४ मध्यें 'सायन्स' पत्रांत प्रसिद्ध केला. साहित्य म्हणाल तर मासे धरण्याच्या गळाचा नायलॉनी दोरा व शिवणाचा दोरा. त्यास वजन लटकावून वेटोळीं पडेपर्यंत पीळ दिला, कीं स्नायु तयार झाला. नायलॉनचा तंतु तापला म्हणजे लांबींत आखूड होतो व जाडींत फुगतो. त्यामुळें पीळ उलगडूं पाहतो. परंतु टोकें फिरूं न दिल्यामुळें तें बळ वेटोळीं जवळ ओढण्यांत खर्च होऊन ओझें उचललें जातें. निवल्यावर दोरा पुन्हां लांबतो. तितक्याच लांबीच्या व वजनाच्या मानवी स्नायूच्या मानानें तो शंभरपट ओझें उचलतो. मानवी स्नायु सुमारें शेंकडा २० आखडतो, तर ह्या दोऱ्याचें आखडणें शेंकडा ४९ पर्यंत गेलेलें आहे. उष्णता देण्याकरितां दोऱ्यावर चांदीचा मुलामा देतात अथवा भोंवतीं बारीक तार गुंडाळून तींतून वीज सोडतात.

तथापि केवळ बळ असून भागत नाहीं. पिकलेला टोमॅटो तोडतांना आपली बोटें किती मिटलीं व दाब किती पडला, हें न पाहतां आपणांस कळतें. म्हणून फळ चेंगरत नाहीं. यंत्राच्या हातास ही जाणीव कोठून यावी? मापनाचीं निराळीं उपकरणें जोडावीं, तर स्नायूचा हलकेपणा व स्वस्ताई दोन्ही जातात.

ह्याचें उत्तर हॉलंडांतील डेल्फ्ट येथील योस्ट व्हॅन डर वाइडे व त्यांचे सहकारी यांनीं सन २०१७ मध्यें मांडलें. तापविणारी तारच साक्षीदार करावी, असा त्याचा आशय. तांब्याची तार तापली कीं विजेस होणारा रोध वाढतो. दर अंश सेल्सिअसास ही वाढ शेंकडा सुमारें ०.४ असते. म्हणून रोधावरून उष्णतामान कळतें. तसेंच तारेचीं वेटोळीं जवळ आलीं कीं प्रवाहाच्या बदलास अडविण्याचा त्यांचा गुण, ज्यास प्रवर्तकत्व म्हणतात, तो वाढतो; त्यावरून लांबी कळते. ह्याकरितां तापविणाऱ्या प्रवाहांत एक लहानसा उलटसुलट प्रवाह मिसळला म्हणजे पुरे.

नुसतें उष्णतामान कां पुरत नाहीं? कारण तितक्याच उष्णतेंत हलकें ओझें अधिक उचललें जातें व जड ओझें कमी. शेताच्या एका बाजूवरून क्षेत्र निघत नाहीं. लांबी व रुंदी दोन्ही मिळाल्या, म्हणजे क्षेत्र गणितानें काढतां येतें. तद्वत् उष्णता व लांबी कळल्यावर दोऱ्यावरील ताण हिशेबानें काढतात. दोरा प्रमाणाबाहेर तापून खराब होण्यापूर्वीं वीज थांबविण्याची सोयही ह्यांतच साधते.

आतां उणीवा. दिलेल्या विजेपैकीं शेंकडा एक-दीड हिस्साच कामास येतो, बाकीची उष्णता होऊन जाते. दोरा निवण्यास वेळ लागतो, म्हणून चपळ कामास तो मागें पडतो. शिवाय आखडण्याची व लांबण्याची वाट तंतोतंत एक नसते. त्यामुळें हिशेबांत फरक पडतो. म्हणून मोटेचें किंवा पंपाचें काम ह्याजकडून होईल, अशी आशा कोणीं धरूं नये. नाजूक फळ हळूच धरणें, हरितगृहाचे झरोके उष्णतेप्रमाणें उघडणें व मिटणें, अशा हलक्या कामांतच ह्याचें मोल आहे.

शेतकरी बंधूंनीं इतकें ध्यानांत ठेवावें कीं, फळें तोडणारें यंत्र दारीं विकावयास आल्यास त्याचें बळ किती, एवढेंच विचारून थांबूं नये. त्यास आपल्या पकडीची खबर कशी लागते व ती खबर चुकली तर तें काय करतें, हेंही विचारावें. वर्षभराच्या मेहनतीचें फळ त्या पकडींत जावयाचें असतें.