चांद्याची झाडी आणि तिच्या नद्या

महाराष्ट्राचा नकाशा पाहतांना बहुतेकांची दृष्टि पश्चिमेच्या किनाऱ्यावर नाहीं तर सह्याद्रीच्या रांगेवर स्थिरावते. पूर्वेकडे नकाशाचें जें एक टोंक दक्षिणेस लोंबतांना दिसतें, तिकडे ती क्वचितच वळते. हा चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांचा मुलूख. १९८२ च्या २६ ऑगस्टपर्यंत हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता, आणि जुन्या माणसांच्या तोंडीं त्याचें नांव अजूनहि चांदा असेंच येतें. चांदा म्हटलें कीं शहरी मनुष्याला वाघ आठवतो, कोळसा आठवतो आणि उन्हाळ्यांतील तापमानाचे आंकडे आठवतात. परंतु या प्रदेशाची खरी ओळख करून घ्यावयाची असेल, तर ती त्याच्या नद्यांकडून घ्यावी. येथील गांवें, भाषा, देव, पिकें आणि भांडणें हीं सारीं नद्यांच्या कांठानेंच वाढलेलीं आहेत.

वैनगंगा आणि वर्धा या दोघीहि सातपुड्याच्या लेकी. एक शिवनी जिल्ह्यांत उगम पावते, दुसरी बैतुल जिल्ह्यांतील मुलताईजवळ. वर्धा कापसाच्या काळ्या जमिनीतून येते. वैनगंगा भाताच्या बांध्यांमधून. एकमेकींपासून दूर दूर राहून दोघी दक्षिणेस येतात आणि चपराळ्याच्या अरण्यापाशीं भेटतात. तेथें दोघींचींहि नांवें गळून पडतात व पुढें जी वाहते ती प्राणहिता. लांबी म्हणाल तर अवघी सुमारें ११३ किलोमीटर. पण गोदावरीला मिळणाऱ्या नद्यांत हिच्याइतकें पाणी दुसरी कोणी आणीत नाहीं. शिरोंच्यासमोर कालेश्वर येथें ती गोदावरीला मिळते. तिकडे पूर्वेकडून, ओडिशांतील कालाहंडीच्या डोंगरांतून निघालेली इंद्रावती बस्तर ओलांडून येते, भामरागडापाशीं पर्लकोटा व पामुलगौतम या दोघींना पोटांत घेते, आणि कांहीं अंतर राज्याची सीमा होऊन सोमनूरजवळ गोदावरींत विलीन होते. खोब्रागडी, गाढवी, कठाणी, बांडिया अशा लहान नद्या तर ठायीं ठायीं आडव्या येतात.

कागदावर या नद्या म्हणजे सीमा आहेत. वैनगंगेनें दोन जिल्हे वेगळे केले, प्राणहितेनें तेलंगण आणि इंद्रावतीनें छत्तीसगड. कांठच्या माणसाला मात्र नदीचा हा अर्थ मान्य नाहीं. शिरोंच्याच्या बाजारांत तेलुगू जितकी सहज ऐकूं येते तितकीच मराठी. सोयरिकी पलीकडच्या तीरावर होतात. आणि भामरागडच्या माडियाचा मामा अबूझमाडांत असावयाचा. उत्तरेस कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी बोली, चामोर्शी-मुलचेऱ्याच्या कांहीं गांवांत १९६० नंतरच्या दशकांत पूर्व पाकिस्तानांतून येऊन वसलेल्या निर्वासितांची बंगाली, आणि सर्वत्र पसरलेली गोंडी. एका जिल्ह्यांत इतक्या भाषा नांदतांना पाहून ज्याला भाषिक प्रांतरचना अगदीं सोपी वाटते त्यानें थोडें थबकावें.

या पाण्याकडे परक्यांनीं वाट म्हणून पाहिल्याची एक कथा मोठी बोधक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आगगाडी नागपुरापर्यंत पोहोंचली नव्हती. वऱ्हाडचा व हिंगणघाटचा कापूस बैलगाड्यांवरून शेंकडों कोस मुंबईला जाई. तेव्हां गोदावरीच्या मुखाशीं कालव्यांचें प्रचंड काम करणाऱ्या सर आर्थर कॉटन यांच्या प्रोत्साहनानें अशी योजना पुढें आली, कीं हाच कापूस वर्धा-प्राणहिता-गोदावरी या मार्गानें नावांतून थेट पूर्व समुद्रास न्यावा. अडचण तीन ठिकाणीं होती. डुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवरील देवलमरी येथें नदीच्या पात्रांत खडकांच्या रांगा आडव्या आहेत. तेथें पाणी फुटतें, फेंसाळतें आणि नाव चालत नाहीं. या तीन अडथळ्यांना बगल देण्यासाठीं बांध व कालवे बांधावयास घेतले. निजामाकडून १८६० सालीं मिळालेलें शिरोंचा हें या कामाच्या भरांत एका स्वतंत्र जिल्ह्याचें ठाणें बनलें. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें इंग्लंडच्या गिरण्यांना हिंदी कापसाची तहान लागलेली होती, त्यामुळें पैसाहि मिळत गेला. पण तापानें मजूर आजारी पडत, पुरानें केलेलें काम उखडे, आणि उन्हाळ्यांत त्याच पात्रांत गुडघाभर पाणी उरे. इतक्यांत आगगाडी नागपुरास आली. १८७१ सालीं योजना सोडून देण्यांत आली. खडक जिंकले असें म्हणावयास हरकत नाहीं. आणि शिरोंच्याला आजतागायत रेल्वे नाहीं ही त्या हिशेबाची बाकी.

त्या खडकांचीहि एक वेगळी प्रतिष्ठा आहे. शिरोंच्या तालुक्यांतील कोटा हें प्राणहितेच्या कांठचें लहानसें गांव जगभरच्या भूशास्त्रज्ञांना ठाऊक आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनीं तेथील चुनखडकांतून माशांचे जीवाश्म गोळा केले, आणि त्या थरांना पुढें कोटा हेंच नांव पडलें. याच थरांत, नदीपलीकडे, अतिप्राचीन महाकाय सरड्यांचीं हाडें सांपडलीं. या बाजूस वडधम येथेंहि तसे अवशेष राखलेले आहेत.

आतां उत्तरेकडे वळावें. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरचा ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी, वडसा हा भाग म्हणजे झाडीपट्टी. येथें जंगल आहे, पण त्याहून अधिक तळीं आहेत. गोंड राजांच्या आश्रयानें कोहळी समाजानें उतार पाहून, माती टाकून, ओढे अडवून हे तलाव बांधले. पुढें मालगुजारी आली, गेली. तलावांना ‘मामा तलाव’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव हें गमतीचें नांव चिकटलें. मामाच्या या पाण्यावर धान पिकतें, ढिवरांची मासळी पिकते आणि गांवाचा उन्हाळा निभावतो. येथील मराठीला झाडीबोली म्हणतात. तींत ‘ण’ नाहीं. ‘पाणी’ तें ‘पानी’ होतें. पुण्याच्या कानाला हें अशुद्ध वाटेल, परंतु ज्या बोलींत हजारों प्रेक्षक रात्रभर नाटक ऐकत बसतात तिला शुद्धीचें प्रमाणपत्र देणारे आपण कोण, असें झाडीचा मनुष्य विचारील आणि त्याचें बरोबरच असेल.

हें नाटक प्रवाशानें चुकवूं नये. दिवाळी झाली, धान घरीं आलें कीं गांवोगांवीं शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती भरतात, आणि पटाच्या रात्रीं मंडपांत नाटक असतें. पूर्वीं दंडार व खडी गंमत होती. त्यांतून हें संगीत नाटक उभें राहिलें. वडसा हें या नाटकमंडळ्यांचें केंद्र. पडदा रात्रीं दहाच्या पुढें वर जातो आणि तांबडें फुटेपर्यंत खेळ चालतो. थंडींत कांबळीं पांघरून, पोरें मांडीवर निजवून, बायाबापड्या शेवटच्या प्रवेशापर्यंत हलत नाहींत. या रंगभूमीचे वयोवृद्ध नट परशुराम खुणे यांना २०२३ सालीं पद्मश्री मिळाली, तेव्हां पश्चिम महाराष्ट्रांतील पुष्कळांनीं झाडीपट्टीचें नांव प्रथम ऐकलें.

चंद्रपूर शहर इरई व झरपट यांच्या संगमावर आहे. गोंड राजांचा परकोट, जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर व बिनबा हे चार दरवाजे, आणि राणी हिराईनें पति बिरशहा याच्यासाठीं बांधलेली समाधि हें पाहण्यास अर्धा दिवस पुरतो. गोंडांचें राज्य १७५१ सालीं नागपूरकर भोंसल्यांकडे गेलें, पुढें इंग्रजांकडे. १८५८ सालच्या २१ ऑक्टोबरला मोलमपल्लीच्या बाबूराव शेडमाके यांना येथेंच फांशीं दिलें. त्यांचें नांव आजहि गोंडांच्या घरीं आदरानें घेतलें जातें. चैत्रांत महाकालीच्या यात्रेस मराठवाड्यांतून लोकांचे लोंढे येतात. त्यांना स्नानास मिळणारें झरपटचें पाणी मात्र देवीला शोभेल असें राहिलेलें नाहीं.

चामोर्शीजवळ मार्कंड्याला वैनगंगा आपली दिशा सोडून उत्तरेस वळते. उत्तरवाहिनी नदी पवित्र, म्हणून कीं काय, येथें काळसर दगडाच्या मंदिरांचा मोठा समूह उभा राहिला. कनिंगहॅम यांनीं त्याचें वर्णन केलें आहे. विजेनें मुख्य मंदिराचें शिखर फोडल्याची हकीकत त्यांत आहे. महाशिवरात्रीस येथें जत्रा भरते. एरवीं तेथें प्रवासी असतो आणि नदी असते.

आष्टीचा पूल ओलांडला कीं झाडीपट्टी संपते आणि खरें अरण्य सुरू होतें. आलापल्लीजवळ ‘वनवैभव’ म्हणून राखलेल्या तुकड्यांत सागाचे प्रचंड वृक्ष कुऱ्हाडीवांचून उभे आहेत. पुढें एटापल्ली व भामरागड हा माडियांचा प्रदेश. माडिया गोंडांविषयीं शहरांत जें बोललें जातें त्यांतील बरेंचसें गोटुलाभोंवतीं फिरतें. व्हेरियर एल्विन यांनीं १९४७ सालीं बस्तरच्या मुरियांच्या घोटुलावर ग्रंथ लिहिला. वाचकांनीं त्यांतील चार पानें लक्षांत ठेवलीं व तींच सर्व गोंडांना लावलीं. भामरागडकडचें गोटुल म्हणजे गांवाची बैठक, पाहुण्याची ओसरी आणि न्यायाची जागा. तेथें तंटे सुटतात, पेरणीचा दिवस ठरतो. गांवाचा गायता आणि पेरमा यांच्याशीं ‘जोहार’ करून बोलणाऱ्या पाहुण्याला तेथें जागा मिळते. छायाचित्राचें यंत्र रोखून शिरणाऱ्याला मिळूं नये.

चैत्रांत पहांटे माडिया घर जंगलांत असतें. मोहाचें फूल रात्रीं गळतें व उजाडतांना वेंचावें लागतें. त्यानंतर चारोळी, मग तेंदूचीं पानें. पावसाळ्यापूर्वीं हातीं येणारा पैसा बहुधा एवढाच. जेवणांत भात, आंबील, मासे, आणि चवीला तांबड्या मुंग्यांची आंबट चटणी. गोरगा झाडाचा रस हें पाहुणचाराचें पेय. गांवाच्या शिवेवर मेलेल्या आप्तांचे उभे दगड असतात. जमीन कोणाची, या प्रश्नाचें माडियापाशीं असलेलें जुनें उत्तर तेंच.

पावसाळा आला कीं नद्या या सर्व गांवांना आपापल्या जागीं कोंडतात. पर्लकोटेवरचा ठेंगणा पूल वर्षानुवर्षें बुडत आला. तो बुडाला कीं भामरागड तुटलें. अशा वेळीं बाळंतीण असो कीं सर्पदंश झालेला मनुष्य असो, खाटेची कावड करून खांद्यावरून नाल्याच्या कांठापर्यंत न्यावें आणि पाणी ओसरण्याची वाट पाहावी. १९७३ सालीं बाबा आमटे यांनीं हेमलकसा येथें लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तेथें राहिले, तें याच कांठावर. १९८० च्या सुमारास नक्षलवादीहि याच रानांत शिरले. बंदुकीच्या दोन्ही तोंडांमध्यें आदिवासी किती वर्षें उभा राहिला हें सांगण्यास हा लेख पुरणार नाहीं.

पाण्यावरचा हक्क हा येथें केवळ वादाचा विषय नाहीं. इंचमपल्ली व भोपालपट्टणम् या धरणांनीं गोदावरी-इंद्रावतीच्या कांठचें अरण्य व गांवें बुडणार होतीं. बाबा आमट्यांसह येथील आदिवासींनीं १९८४ च्या सुमारास त्यास विरोध केला आणि तीं धरणें झालीं नाहींत. पुढें शिरोंच्यासमोर तेलंगणानें मेडीगड्डा बंधारा बांधला. २०१९ सालीं त्याचें उद्घाटन झालें. या तीरावरच्या शेतकऱ्यांनीं शेतें बुडाल्याचीं गाऱ्हाणीं मांडलीं. आणि २०२३ च्या ऑक्टोबरांत बंधाऱ्याचे खांबच खचले. ज्या नदीनें कॉटनसाहेबांची योजना परत केली, तिच्यावर पुन्हा कोणी घाईनें विश्वासूं नये.

धानोऱ्याच्या वाटेवर कठाणी नदीजवळ मेंढा हें लहान गोंड गांव आहे. लेखा गांवाजवळचें म्हणून मेंढा-लेखा. येथील ग्रामसभेंत निर्णय बहुमतानें नव्हे, सर्वसंमतीनें होतो. एकाचा नकार असेल तर बैठक पुन्हा बसते. २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं २००९ सालीं या गांवाला सुमारें १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकतां येईना, कारण वनखात्याच्या लेखीं बांबू हें झाड होतें आणि झाडाची वाहतूक परवान्याशिवाय होत नाहीं. वनस्पतिशास्त्र बांबूला गवत म्हणतें, हा पुरावा कित्येक दिवस कोणी ऐकला नाहीं. अखेर २०११ च्या एप्रिलांत तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश हे स्वतः गांवीं आले आणि वाहतूक परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं देण्यांत आलें. त्यानंतर बांबूची विक्री ग्रामसभा स्वतः करूं लागली.

प्रवासास निघणाऱ्यानें कार्तिक ते माघ हा काळ धरावा. रेल्वे बल्लारशहास किंवा वडशाला सोडते, पुढें एस्. टी. आहे. शिरोंच्याला पोहोंचल्यावर एक संध्याकाळ प्राणहितेच्या घाटावर काढावी. २०२२ च्या एप्रिलांत येथें बारा दिवस पुष्कराचा मेळा भरला होता. तो बारा वर्षांनीं येतो. मधल्या दिवसांत घाटावर धुणें धुणाऱ्या बायका, जाळें सुकवणारे ढिवर आणि समोरून येणारा कालेश्वरच्या देवळाचा घंटानाद एवढेंच असतें.