विमा कंपन्या मागे सरतात तेव्हा

खरीप २०२० च्या तोंडावर बीड जिल्ह्याच्या पीकविम्यासाठी राज्य सरकारने निविदा मागवल्या, पण एकही विमा कंपनी पुढे आली नाही. २०१८ चा दुष्काळ आणि २०१९ च्या ऑक्टोबरमधील अवकाळी पाऊस यांनंतर तिथली जोखीम कोणालाच नको होती. नुकसान वारंवार होऊ लागले की विमा कंपन्या एखाद्या प्रदेशातून अंग काढून घेतात. अमेरिकेतील फ्लोरिडात घरांच्या विम्याबाबत हे ऑगस्ट १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळानंतर घडले. अनेक कंपन्या बुडाल्या, उरलेल्यांनी किनाऱ्यालगतच्या घरांना नवा विमा देणे टाळले, आणि २००२ मध्ये राज्याला 'सिटिझन्स' ही स्वतःची विमा संस्था उभारावी लागली.

याचे मूळ विम्याच्या गणितात आहे. आग एका घराला लागते, तेव्हा शेजारच्या अनेकांच्या हप्त्यांतून त्याची भरपाई निघते. वादळ किंवा गारपीट मात्र एका रात्रीत अख्ख्या तालुक्याला झोडपते आणि सगळे दावे एकदम दाखल होतात. हा भार पेलण्यासाठी कंपन्या स्वतःचाही विमा काढतात, त्याला पुनर्विमा म्हणतात. मोठ्या आपत्तीनंतर तो महागतो. मग हप्ता वाढवणे, अटी कडक करणे किंवा निघून जाणे, एवढेच मार्ग कंपनीपुढे उरतात.

प्रधानमंत्री पीकविमा योजनेत खरिपाच्या अन्नधान्य व तेलबिया पिकांसाठी शेतकऱ्याचा वाटा विमा रकमेच्या २ टक्क्यांवर बांधलेला आहे. वरचा हप्ता केंद्र व राज्य भरतात. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने स्वतःच्या वाट्यालाही मर्यादा घातली. जिरायती भागात ३० टक्क्यांपर्यंतच्या आणि बागायती भागात २५ टक्क्यांपर्यंतच्या हप्ता दरालाच केंद्राचे अनुदान मिळेल, असे ठरले. जोखमीच्या जिल्ह्यांचा बोजा त्यामुळे राज्यांवर सरकला. गुजरात त्याच वर्षी योजनेतून बाहेर पडला. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर रेल्वे स्थानकातूनच महाराष्ट्र आणि गुजरात या दोन राज्यांची सीमा जाते. तिथे चार पावले टाकली की आभाळ तेच राहते, पण पिकाचे संरक्षण बदलते.

बीडसाठी अखेर सरकारी मालकीच्या भारतीय कृषी विमा कंपनीला पुढे करण्यात आले आणि 'बीड पॅटर्न' जन्माला आला. समजा, एकूण हप्ता १०० रुपये जमला. भरपाई ११० रुपयांपर्यंत गेली तर ती कंपनीने द्यायची, त्यापुढची राज्याने. भरपाई ८० रुपयांपेक्षा कमी झाली तर कंपनीने २० रुपये ठेवून उरलेली शिल्लक सरकारला परत करायची. पहिल्या वर्षी दावे हप्त्याच्या मानाने फारच कमी निघाले. खरीप २०२२ पासून हीच पद्धत राज्यभर आली. यात कंपन्यांच्या नफ्याला लगाम बसला हे चांगलेच झाले. पण मोठ्या आपत्तीची खरी जोखीम यात सरकारी तिजोरीने उचलली आहे, हेही स्पष्ट सांगायला हवे.

माघार नेहमी दार लावूनच होते असे नाही. २०२३ पासूनची एक रुपयातील विम्याची सवलत खरीप २०२५ पासून बंद झाली, आणि त्याच वेळी स्थानिक आपत्तीची भरपाईही वगळून केवळ पीक कापणी प्रयोगावर आधारित भरपाई ठेवण्यात आली. गारपिटीने एका शिवारातले पीक आडवे झाले तरी महसूल मंडळाचे सरासरी उत्पादन टिकले, तर त्या शेतकऱ्याच्या हाती काही येत नाही. विमा कागदावर असतो आणि नेमक्या वेळी उपयोगी पडत नाही, यासारखा अन्याय नाही.

नंदुरबारमध्ये हा प्रश्न जास्त बोचतो. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात तापीकाठच्या शहादा-तळोद्यात केळी-पपईच्या बागा आहेत आणि नंदुरबारलगतच्या पथारींवर लाल मिरची उघड्यावर वाळत असते. केळीला हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. त्यात ताशी ४० किलोमीटरपेक्षा जोराचा वारा भरपाईला पात्र ठरतो. मात्र हा वेग मंडळातील हवामान केंद्रावर नोंदला जावा लागतो. बाग केंद्रापासून लांब असेल, तर झाडे मोडूनही नोंद निरंक राहू शकते.

घरांच्या बाबतीत तर कंपन्यांनी माघार घ्यायलाही आधी त्या इथे यायला हव्या होत्या. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी देशभर उपलब्ध आहे आणि तिच्यात वादळ व पूर दोन्ही येतात. तरीही गावाकडे घरविमा येतो तो मुख्यतः बँकेच्या गृहकर्जामागून. सातपुड्यातील अक्राणी-अक्कलकुव्यातल्या कुडाच्या भिंती आणि कौले-पत्र्यांच्या घरांवर असे कर्ज सहसा नसते. ऑगस्ट २०१८ मध्ये रंगावलीच्या पुराने नवापुरात घरे वाहून गेली, तशी वेळ आली की आधार फक्त तलाठ्याच्या पंचनाम्याचा आणि आपत्ती निधीचा. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांनुसार पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये मिळतात. अंशतः पडझडीला पक्क्या घरासाठी ६,५०० आणि कच्च्यासाठी ४,००० रुपये. छपरावरचे पत्रे उडालेल्या कुटुंबाला एवढ्यात ते पुन्हा घालणेही अवघड आहे.

नागालँडने २०२४ मध्ये संपूर्ण राज्यासाठी आपत्ती विमा घेतला. पावसाने ठरलेली मर्यादा ओलांडली की नुकसानीच्या मोजणीची वाट न पाहता रक्कम राज्याकडे येते. सातपुड्यातल्या घरांसाठी महाराष्ट्र सरकारने असा सामूहिक विमा काढावा आणि त्याचा हप्ता स्वतः भरावा.