मेमरिस्टर : स्मरण ठेवणारा रोधक

भिलाईच्या सिविक सेंटरमधील आमच्या शाखेत कोअर बँकिंग येण्यापूर्वीची एक हकिकत ज्येष्ठ सहकारी आवर्जून सांगतात. धनादेश आला की लिपिकाने उठावे, कपाटातून खतावणी व नमुना सही काढावी, पडताळणी करावी आणि सारे पुन्हा जागेवर ठेवावे. पडताळणी क्षणाची, वेळ जाई तो येरझारांत. एक अधिकारी मात्र बसल्या जागी, नजर टाकताच सही ओळखत. (नियमानुसार पडताळणी त्यांनाही चुकली नाही, हा भाग वेगळा!)

आजचा संगणक त्या लिपिकासारखा आहे. स्मृती एकीकडे, आकडेमोड करणारा प्रोसेसर दुसरीकडे. माहितीच्या ने-आणीतच बरीचशी वीज खर्ची पडते. मेंदूत अशी फारकत नाही. मज्जापेशींमधील जोडण्या अनुभवाने बळकट वा क्षीण होतात. तीच स्मृती आणि तेच गणित. एवढा व्याप अवघ्या २० वॅटच्या आसपास चालतो.

अशा जोडणीचे काम करू शकणारा विद्युत घटक म्हणजे मेमरिस्टर. रोधक, धारित्र व प्रेरक यांखेरीज असा चौथा मूलभूत घटक असला पाहिजे, हे बर्कली येथील लिऑन चुआ यांनी १९७१ मध्ये गणिताने मांडले. २००८ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डच्या स्टॅनली विल्यम्स व सहकाऱ्यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या अतिसूक्ष्म थरात तो गुणधर्म दाखविला. आजवर किती वीज कोणत्या दिशेने गेली, त्यानुसार त्याचा रोध ठरतो आणि वीज खंडित झाली तरी पासबुकातील शिलकेप्रमाणे तसाच राहतो. अशा घटकांच्या जाळीत प्रत्येक ठिकाणी ओहमच्या नियमाने गुणाकार होतो, तर तारेत प्रवाह एकत्र येऊन बेरीज होते. कृत्रिम बुद्धिमत्तेची बहुतांश आकडेमोड याच दोन क्रियांची असते.

आपल्याकडे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात यावर संशोधन चालते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील श्रीतोष गोस्वामी व सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये एकाच घटकात १६,५२० निरनिराळ्या अवस्था साधल्या.

अडचण अशी की, एकाच साच्यातील दोन मेमरिस्टर बहुधा तंतोतंत सारखे वागत नाहीत. पैचाही फरक न चालणारा हिशेब त्यांच्यावर सोपविता येणार नाही. सही ओळखणे वा संशयास्पद व्यवहार हेरणे, ही कामे मात्र त्यांच्या प्रकृतीची आहेत. ती शाखेतील यंत्रातच अल्प विजेवर होऊ लागली, तर ग्राहकाची सही अथवा अंगठ्याचा ठसा पडताळणीसाठी दूरच्या सर्व्हरकडे पाठविण्याची गरज उरणार नाही. तूर्त आमच्या शाखेत पडद्यावर नमुना सही उघडूनच पडताळणी होते.