दापोऱ्याच्या ओव्या आणि दूरचा संगणक

दापोऱ्यातील म्हाताऱ्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या मी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करीत असे. मोबाइल बिघडला आणि तीसेक ओव्या गेल्या. त्या गाणाऱ्या दोघी आज हयात नाहीत. उरलेले जपण्यासाठी मी एक आभासी सर्व्हर भाड्याने घेतला. हा मोठ्या संगणकाचा सॉफ्टवेअरने वेगळा केलेला हिस्सा असतो, चाळीतल्या खोलीसारखा. भिंती सामायिक, पण दाराचे कुलूप आपणच लावायचे.

त्या दाराशी पोहोचण्याची वाट म्हणजे एसएसएच. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात जाळ्यावरून जाणारे पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तातू इलोनेन यांनी ही पद्धत रचली. तिच्यात सारा संवाद सांकेतिक होऊन जातो. तरीही नुसता पासवर्ड पुरत नाही. नवा सर्व्हर सुरू होताच अनोळखी यंत्रे त्याच्यावर पासवर्ड आजमावू लागतात. माझ्या नोंदवहीत पहिल्याच रात्री असे शेकडो प्रयत्न उमटले होते.

म्हणून किल्ल्यांची जोडी करावी. सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर ठेवायची, खासगी आपल्याच संगणकावर, तीही परवलीच्या वाक्याने झाकून. कुलूप-किल्लीची उपमा इथे थोडी फसवी आहे, कारण खासगी किल्ली कधीच प्रवास करीत नाही. ती ज्याच्याकडे आहे त्यालाच करता येईल अशी डिजिटल सही सर्व्हर मागतो आणि सार्वजनिक किल्लीने पडताळतो.

पहिल्या भेटीत सर्व्हरचा ठसा पडद्यावर येतो आणि विचारले जाते, ‘पुढे जायचे का?’ आपण सारे न वाचताच ‘हो’ म्हणतो. सर्व्हर देणाऱ्याच्या नियंत्रण-पानावरून तो ठसा ताडून पाहावा. मधेच कोणी तोतया बसलेला नाही हे तेवढ्यानेच कळते.

किल्लीने प्रवेश जमल्यावर पासवर्डचा रस्ता बंद करावा, पण जुनी खिडकी उघडी ठेवून दुसऱ्या खिडकीतून आधी आत जाऊन पाहावे. मी घाई केली. २२ क्रमांकाच्या दाराला परवानगी न देताच फायरवॉल चालू केली आणि खिडकी मिटली. स्वतःच्याच घराबाहेर! नियंत्रण-पानावरच्या कन्सोलमधून कसाबसा परत शिरलो.

ओव्यांची एक प्रत हार्ड डिस्कवर, दापोऱ्याच्या घरी कपाटात ठेवली आहे. भाडे थकले तर सर्व्हर पुसला जातो.